पलटणचा हंगाम

आमच्या शाळेत कबड्डीचा संघ निवडायला घेतला की प्रत्येक पोरीला चढाईलाच जायचं असतं. कोपऱ्यात उभं राहायला कुणी तयार होत नाही. गावच्या यात्रेतल्या सामन्यांतही टाळ्या आणि बक्षिसाच्या नोटा चढाई करणाऱ्याच्याच वाट्याला येतात, मग पोरींना तरी काय बोलणार? म्हणून प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामात पुणेरी पलटणचं कर्णधारपद आमच्या नगर जिल्ह्याच्या अस्लम इनामदारकडे आलं, तेव्हा पोरींनी आपसात ठरवूनच टाकलं की आता टीव्हीवर फक्त अस्लमदादाच्या चढाया बघायच्या.

सामने २ डिसेंबर २०२३ ला सुरू झाले. आमच्या शेवगावकडे हे दिवस ऊसतोडीचे. शेतीची वीज रात्रीची, त्यामुळे घरातला एक माणूस मोटारीवर आणि बाकीचे टीव्हीसमोर. माझे सासरे, आबा, एकेकाळी मातीत खेळलेले. मॅटवरच्या खेळाबद्दल त्यांची कुरकुर असायची, पण पलटणचा सामना असला की जेवण आधीच उरकून बसायचे.

आम्हाला सल होती ती आदल्या वर्षीची. १७ डिसेंबर २०२२ ला मुंबईत पलटणविरुद्धचा अंतिम सामना जयपूरनं ३३-२९ असा जिंकला, आणि त्या दिवशी अस्लम आणि मोहित गोयत दोघंही दुखापतीमुळे मैदानात नव्हते. नव्या हंगामात पलटणची पहिलीच गाठ जयपूरशी पडली आणि ३७-३३ असा निकाल फिरला. आबांनी मांडीवर थाप मारली ती अजून आठवते.

डिसेंबरच्या मध्याला सामने पुण्यात आले. पोरींना घेऊन बालेवाडीला गेले. टीव्हीवर कॅमेरा चढाई करणाऱ्याच्या मागे फिरतो. गॅलरीतून मात्र समोरचे सातही गडी एकदम दिसतात. पोरींना मी सांगितलं, दहा मिनिटं नजर चढाईवाल्यामागे पळवू नका, मोहम्मदरेझा शादलूकडे बघा. हा इराणचा गडी, लिलावात पलटणनं त्याला २ कोटी ३५ लाखांना घेतलेला. डाव्या कोपऱ्यात तो वाकून, तळव्यांच्या पुढच्या भागावर भार ठेवून उभा. समोरच्यानं बोनससाठी पाय पुढे टाकला, तरी हा हलेना. पाय परत मागे जायला लागला आणि त्याच क्षणी यानं घोटा धरला. पण खरी गंमत त्यानंतरची. घोटा सापडला तरी जोरदार गडी फरफटत मध्यरेषेपर्यंत जातो. शेजारचा मध्यरक्षक संकेत सावंत तोवर कमरेवर आलेला होता, पलीकडून अबिनेश आणि गौरव खत्रीही आत झेपावले होते. पकड एकाच्या नावावर लागते, माणसं मात्र चार राबतात. माझ्या शेजारी बसलेली पोर, आमची सगळ्यात चपळ चढाईवाली, हळूच म्हणाली, “मॅडम, हे चौघं एकमेकांकडे बघत पण नाहीत.” न बघता एकमेकांचं कळणं, हेच सरावानं येतं. मला तिचं ते वाक्य फार आवडलं.

आणखी एक गोष्ट मनात राहिली. ऑक्टोबरमध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदकाच्या सामन्यात शादलू इराणकडून होता आणि अस्लम भारताच्या संघात. वादामुळे बराच वेळ खोळंबलेला तो सामना भारतानं ३३-२९ असा जिंकला. दोन महिन्यांत दोघं एका जर्सीत, एकाच्या हाती कर्णधारपद आणि दुसऱ्याच्या हाती डावा कोपरा.

आणि कर्णधार काय करत होता? चढाया मोहित, पंकज मोहिते, आकाश शिंदे यांच्यात वाटून देत होता. स्वतः गरज पडेल तेव्हा जायचा, आणि परत आला की पकडीसाठी रांगेत उभा. त्या हंगामातला सर्वोत्तम चढाईपटू दिल्लीचा आशू मलिक ठरला, पलटणचा कुणी नाही. तरीही साखळीत २२ पैकी १७ सामने जिंकून, ९६ गुणांसह पलटण पहिल्या स्थानावर होती. उपांत्य सामन्यात पाटण्याला ३७-२१ असं उडवलं. मला विचाराल तर हीच खरी अस्लमची कामगिरी. ज्याला स्वतःला खेळता येतं त्यानं दुसऱ्याला खेळू देणं सोपं नाही.

१ मार्च २०२४ ला हैदराबादला हरियाणाविरुद्ध अंतिम सामना. घरात शेजारपाजारचेही जमले होते. पंकजनं एकाच चढाईत चार गुण आणले तेव्हा जो आरडाओरडा झाला, त्यानं वस्तीवरची कुत्री भुंकायला लागली. शेवटी हरियाणानं अंतर कमी करत आणलं. आबा उठून दारात गेले, त्यांना बघवेना. २८-२५. पलटणचं पहिलं विजेतेपद. हंगामातला सर्वोत्तम खेळाडू अस्लम, सर्वोत्तम बचावपटू शादलू.

त्याच महिन्यात नगरच्या वाडिया पार्कवर पुरुषांची सत्तरावी राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा भरली. पोरींना मी तिकडेही नेलं. रेल्वेनं विजेतेपद नेलं, पण आमच्या पोरींचं लक्ष निकालात कमी आणि कोपऱ्यांत जास्त. कोण लवकर झेप घेतं, कोण बोनसच्या आमिषाला फसतं, यावर परतीच्या एस.टी.त भांडणं झाली.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर संघ निवडायला बसले. डावा कोपरा कुणाला हवा म्हणून विचारलं, तर तिघींनी हात वर केले.