झिजलेल्या पात्याची किंमत

माझ्या पर्समध्ये चार्जर, लिपस्टिक आणि रुमालाच्या जोडीला एक घडीचा चाकू असतो. आईला हे अजून पटलेलं नाही. "मुलीच्या जातीला चाकू कशाला हवा?" असं ती म्हणते आणि कुरिअरचं खोकं उघडायचं असलं की मलाच हाक मारते.

हे वेड आजोबांकडून आलं. ते प्राथमिक शाळेत शिक्षक होते आणि दोन पात्यांचा छोटा चाकू कायम त्यांच्या खिशात असायचा. मुलांच्या पेन्सिली, टपालाची पाकिटं, दुपारचा पेरू, सगळ्याला तोच. दगडावर धार लावून लावून त्याचं मोठं पातं निम्मं उरलं होतं. आजोबा गेल्यावर तो काकांकडे गेला. मला हवा होता, पण मागायचा धीर झाला नाही. पुढे काकांनी तो जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याला दाखवला. तो म्हणाला, "पातं संपलंय, याचं काय येणार?" काकांनी चाकू परत खिशात टाकला. आता ते त्यानं संत्री सोलतात.

व्यापाऱ्याचं बोलणं मला लागलं, पण बाजाराचं गणितही त्यातूनच कळलं. संग्राहकांना भरलेलं, न वापरलेलं पातं हवं असतं. ज्यानं कुणाच्या तरी घरी आयुष्यभर काम केलं, तो चाकू स्वस्तात जातो. माझ्या पगारात तेवढाच बसतो, आणि मला हवा असतो तोही तसाच.

पुण्याच्या मंगळवार पेठेतला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. अहमदाबादला साबरमतीकाठी रविवारी गुजरी बाजार असतो. अशा ठिकाणी "चाकू आहे का?" असं विचारत फिरू नका. कुलपं, चाव्या, चमचे यांचा ढीग असतो, त्यात हात घाला. माझा पहिला चाकू अशाच ढिगातून ३५० रुपयांना मिळाला.

पात्याच्या बुडाशी, मुठीजवळ, बहुधा कारखान्याचा शिक्का असतो. माझ्या चाकूवर एक तारा आणि शेजारी एक क्रूस आहे. ही इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्स अँड सन्सची खूण, १७६४ पासूनची. त्यांच्या काही चाकूंवर मुकुटाच्या दोन बाजूंना 'व्ही' आणि 'आर' ही इंग्रजी अक्षरं असतात. तसा चाकू बहुधा व्हिक्टोरिया राणीच्या काळातला, म्हणजे १९०१ च्या आधीचा. अर्थात नामांकित शिक्क्यांच्या नकलाही पूर्वीपासून होत आल्या आहेत. म्हणून पैसे शिक्क्याचे नाही, चाकूच्या प्रकृतीचे द्यावेत.

ती तपासणं सोपं आहे. पातं उघडताना शेवटी 'टक्' आवाज यावा, म्हणजे स्प्रिंग जिवंत आहे. उघडलेलं पातं डावी-उजवीकडे हलता कामा नये. वरवरचा गंज उतरतो, पण खड्डे पडले असतील तर सोडा. मूठ हस्तिदंताची किंवा सांबरशिंगाची असल्याचं कुणी सांगितलं तरी सोडा, अशा वस्तूंच्या व्यापाराला आपल्याकडे कायद्यानं बंदी आहे. बटण दाबताच उघडणारा चाकू तर घेऊच नका. मी तीन इंचांच्या आतलंच पातं घेते आणि विमानप्रवासात ते केबिनच्या बॅगेत कधीच ठेवत नाही.

जुनं पोलाद बहुधा साधं असतं. स्टेनलेस स्टील शेफिल्डमध्ये आलं ते १९१३ मध्ये. साध्या पोलादाला धार पटकन लागते, पण लिंबू कापून पातं तसंच ठेवलं तर ते काळं पडतं. म्हणून वापरलं की धुवायचं, लगेच कोरडं करायचं. सांध्यात महिन्यातून एकदा शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडायचा, पात्यावर आलेलं तेल पुसून टाकायचं. धार दगडावर, हातानं. रस्त्यावरच्या चाकावर दिलं तर पातं तापतं आणि एका दिवसात वर्षाचं पोलाद खाऊन टाकतं. घरात लहान मुलं असतील तर चाकू उंच कप्प्यात.

असे छोटे चाकू मुळात पिसांची लेखणी तासायला असत, म्हणून इंग्रजीत त्यांना 'पेननाइफ' म्हणतात. आपल्याकडेही बोरू तासायला चाकूच लागायचा. मी दिवसभर कीबोर्डवर लिहून पोट भरते. तरी कच्चा खर्डा पेन्सिलीनंच लिहिते आणि ती याच चाकूनं तासते. लाकडाचा वास येतो, हात थोडा वेळ स्क्रीनपासून सुटतो.

आता माझ्याकडे चार चाकू आहेत. चारही वापरात आहेत, काचेच्या कपाटात एकही नाही. माझ्या हातून त्यांची पाती आणखी थोडी झिजतील, किंमत आणखी थोडी उतरेल. विकायचे कुणाला आहेत?