धमनीच्या तोंडाशी

यंदा दिवाळीनंतर मी उपचाराच्या टेबलापासून बाजूला झालो. हात अजून थरथरत नाही. पण मायक्रोकॅथेटरचं, त्या बारीक नळीचं, टोक वाफेवर धरून वळवताना बाक किती आला, हे चष्म्यातूनही नीट दिसेना. आता माझी विद्यार्थिनी टेबलाशी असते आणि मी तिच्या मागे, पडद्याकडे बघत.

मांडीतल्या धमनीतून मानेतल्या कॅरोटिड धमनीपर्यंत कुणीही पोचतं. जीव अडकतो तो नेत्रधमनीच्या तोंडाशी. डोळ्यात कर्करोग झालेल्या दीड वर्षाच्या लेकराचं ते तोंड मिलिमीटरभरही नसतं. टोक टेकलं असं वाटावं, तर पुढच्या ठोक्याला ते बाहेर. जरा आत ढकललं की घट्ट बसतं, पण मग रक्ताची वाटच बुजते. धमनी आकसली तर जी नजर वाचवायची तीच जाते. म्हणून आत जायचं नाही, तोंडाशी थांबायचं. दुसऱ्या खेपेपासून तर टोक तिथं लागताच कधी फुप्फुसं आवळतात, रक्तदाब कोसळतो. भूलतज्ज्ञ अॅड्रेनलिन भरूनच उभे असतात. एवढं सांभाळून तीन-चार मिलिग्रॅम मेल्फालान हे कर्करोगावरचं औषध अर्धा तास थोडं थोडं सोडत राहायचं. विरघळवल्यापासून त्याचा जोर उतरू लागतो, तरी हाताला घाई करू द्यायची नाही.

जपानमध्ये कानेको आणि त्यांचे सहकारी या धमनीत शिरतच नसत. तिच्या उगमाच्या पुढे कॅरोटिडमध्ये फुगा फुगवून ते औषध तिच्याकडे वळवत. 2006 साली न्यूयॉर्कमध्ये अब्रामसन आणि गोबँ यांनी थेट तिच्यातच औषध सोडलं. मला तीच वाट खरी वाटे. काही मुलांत डोळ्याकडचं रक्त बाहेरच्या कॅरोटिडकडून येतं, नेत्रधमनीतलं औषध उलटं ढकललं जातं. तेव्हा मिडल मेनिंजियल धमनीतून जावं लागतं. तसं गेलो की मला हरल्यासारखं वाटायचं, आणि कुणी विचारण्याआधीच मी कारण सांगत सुटायचो. हा निव्वळ गर्व होता. माझी ही विद्यार्थिनी चेहऱ्यावरची रेषही न हलवता वाट बदलते. तिचा हात माझ्याहून हलका नाही, पण तिला कुणाला काही दाखवायचं नसतं.

परिषदांत हल्ली वाचवलेल्या डोळ्यांची छायाचित्रं फार दाखवतात. कर्करोग दृष्टिनाडीकडे सरकल्याची शंका असताना डोळा राखण्याचा हट्ट मला मान्य नाही. धमनीतून दिलेलं औषध डोळ्यापुरतंच. निसटलेल्या पेशींना ते गाठत नाही. तिथं डोळा काढणं हाच उपचार, आणि तो वेळेत झाला तर लेकरू जगतं.

मी मूळचा घाटंजीचा. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातली लेकरं माझ्यापर्यंत येतात ती बहुधा डोळा काढण्याच्याच अवस्थेत. आई सांगते, "रातीले लेकराचा डोया चमकते, मांजरावानी." तिनं ते कधीच पाहिलेलं असतं. कापूस वेचणी होऊ द्या, मग जाऊ, असं घरात ठरलेलं असतं. कुणी सांगितलेलं असतं, मोठं झालं की जाईल.

ते जात नाही. बाहुलीत पांढरी चमक दिसली, फोटोत एकच डोळा पांढरा आला किंवा डोळा तिरळा होऊ लागला, तर त्याच आठवड्यात यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखवा. बाहुल्या मोठ्या करून दोन्ही डोळे आतून तपासायला सांगा. आणि रोग निघालाच, तर धाकट्या भावंडांनाही सोबत न्या.