बाकावरची तीन वर्षं

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात ग्रीन बे नावाचं एक गाव आहे. वस्ती लाखभराची, म्हणजे आपल्याकडचं एखादं तालुक्याचं मोठं शहर. या गावाचा पॅकर्स हा फुटबॉल संघ न्यूयॉर्क-शिकागोच्या संघांशी बरोबरीने खेळतो, आणि त्याला कुणी एक मालक नाही. लाखो सामान्य लोकांनी शेअर घेऊन तो सांभाळलाय. माझा भाचा नोकरीसाठी त्या राज्यात गेला आणि दोन हंगामांत पुरता पॅकर्सचा झाला. "खाला, एकदा बघा तर" करत त्याने मलाही हा नाद लावला. तिकडची रविवारची दुपार म्हणजे आपल्याकडची रात्र. वह्या तपासता तपासता मी सामने बघू लागले.

हा आपल्या ओळखीचा फुटबॉल नव्हे. चेंडू लंबगोल, आणि पायापेक्षा हाताचं काम जास्त. एका बाजूला अकरा जण. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू जातो समोरच्यांकडे. या अकरांत एक असतो क्वार्टरबॅक. चेंडू हातात आल्यावर त्याला जेमतेम अडीच-तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात समोरची रचना वाचायची, आपलं कोण कुठे धावतंय ते हेरायचं, आणि सव्वाशे किलोची माणसं अंगावर कोसळायच्या आत चेंडू फेकायचा. क्रिकेटमध्ये नवा फलंदाज सहाव्या क्रमांकावर पाठवून बघता येतो. क्वार्टरबॅकचं तसं नाही, ते यष्टिरक्षकासारखं आहे. जागा एकच. पहिला उठेपर्यंत दुसऱ्याने बाकावर बसायचं.

या बाकाची गोष्ट मला खेळापेक्षाही जास्त आवडली.

ब्रेट फार्व हा पॅकर्सचा क्वार्टरबॅक सप्टेंबर १९९२ पासून सोळा हंगाम एकही सामना न चुकवता खेळला. हाडं दुखावली तरी खेळला. २००५ मध्ये संघाने आरन रॉजर्स या एकवीस वर्षांच्या मुलाला निवडलं. आपण अगदी पहिल्या काही जणांत निवडले जाऊ या आशेने तो मुलगा कॅमेऱ्यांसमोर तासन्‌तास बसून होता, आणि नाव पुकारलं गेलं ते चोविसावं. मग आणखी तीन वर्षं बाकावर. या मुलाला तयार करणं माझ्या करारात लिहिलेलं नाही, अशा अर्थाचं फार्व तेव्हा बोलला होता. कागदोपत्री ते खरंच होतं.

मार्च २००८ मध्ये फार्वने रडत रडत निवृत्ती जाहीर केली. उन्हाळा संपायच्या आत त्याला परत यावंसं वाटलं. पण तोवर संघाने जागा रॉजर्सला दिली होती. फार्वची रवानगी न्यूयॉर्क जेट्सकडे झाली. रॉजर्सने फेब्रुवारी २०११ मध्ये ग्रीन बेला सुपर बोल, म्हणजे अजिंक्यपद, जिंकून दिलं.

पुढचा भाग लिहिणाऱ्याने रचला असता तर खोटा वाटला असता. २०२० मध्ये पॅकर्सने जॉर्डन लव्ह नावाचा तरुण क्वार्टरबॅक निवडला. आता बाकावर लव्ह आणि खुर्चीत रॉजर्स. रॉजर्सने त्या आणि पुढच्या वर्षी लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला. लव्ह बसून राहिला, तीन वर्षं. एप्रिल २०२३ मध्ये एकोणचाळीस वर्षांचा रॉजर्स गेला, तोही न्यूयॉर्क जेट्सकडेच. तिथल्या पहिल्या सामन्यात, मैदानात उतरल्यावर चौथ्याच चालीला त्याच्या घोट्यामागची शीर तुटली आणि हंगाम संपला. इकडे लव्हने त्याच हंगामात पॅकर्सना बाद फेरीत नेलं आणि डॅलसला त्यांच्याच मैदानावर हरवलं.

तीन वर्षं हा आकडा आपल्याकडच्या शिक्षकांना चांगला ठाऊक आहे. महाराष्ट्रात नवा शिक्षक आधी तीन वर्षं शिक्षणसेवक असतो. मानधन तुटपुंजं, काम पूर्ण. ती तीन वर्षं कशी जातात यावर पुढची तीस वर्षं ठरतात. पण नुसतं बसून कुणी शिकत नाही. बाकावर बसलेल्याला रोज कोण काय शिकवतं, हे महत्त्वाचं.

रॉजर्सच्या बाबतीत २००६ मध्ये आलेले प्रशिक्षक माईक मॅकार्थी उन्हाळी सुट्टीत क्वार्टरबॅकची चक्क शाळा भरवायचे. पावलं कशी टाकायची, चेंडू कुठे धरायचा, सगळं पहिलीपासून. त्याआधीच्या पिढीत बिल वॉल्श होते. १९७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे प्रशिक्षक झाल्यावर त्यांनी जो मॉन्टाना हा मुलगा ब्याऐंशिव्या क्रमांकाला उचलला. त्याला लगेच सगळा सामना दिला नाही. परिस्थिती सोयीची असली की दोन-चार चालींपुरतं आत पाठवायचं, जमलं की बाहेर बोलवायचं. पहिल्या वर्षी सुरुवातीपासून एकच सामना दिला, दुसऱ्या वर्षी सात. जानेवारी १९८२ मध्ये त्याच मॉन्टानाने त्यांना अजिंक्यपद मिळवून दिलं. वॉल्श सामन्यातल्या पहिल्या पंधरा ते पंचवीस चाली आधीच कागदावर लिहून ठेवत. हे वाचून मला हसू आलं. याला आपण पाठटाचण म्हणतो.

बी.एड. झालेल्या प्रत्येकाने सूक्ष्म अध्यापन केलेलं असतं. पाच-सहा मिनिटांचा पाठ, मोजके विद्यार्थी, एका वेळी एकच कौशल्य. प्रश्न विचारणं किंवा फलकलेखन. मग चर्चा, आणि तोच पाठ पुन्हा. ही पद्धत १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात जन्मली. वॉल्शही १९७७-७८ मध्ये त्याच स्टॅनफर्डच्या संघाचे प्रशिक्षक होते. दोन्हींचा एकमेकांशी संबंध होता असं मी म्हणत नाही. पण शिकणाऱ्याला झेपेल एवढाच घास द्यायचा, हे दोन्हीकडे सारखं.

घास मोठा झाला की काय होतं ते ॲलेक्स स्मिथला विचारावं. रॉजर्स चोविसावा निवडला गेला त्याच दिवशी स्मिथ पहिला निवडला गेला होता. त्याला लगेच खेळवलं. पहिल्या सात वर्षांत आक्रमण शिकवणारा प्रशिक्षक जवळजवळ दर वर्षी बदलला. आपल्या मुलाला दर जूनला नवं पुस्तक आणि नव्या बाई मिळाल्या तर तो काय शिकेल? लोक म्हणाले, निवडच चुकली. अर्थात पेटन मॅनिंगसारखेही असतात. १९९८ मध्ये पहिल्या दिवसापासून खेळला, अठ्ठावीस वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या हातात दिला, संघ सोळापैकी तेरा सामने हरला, आणि तरी तो थोर झाला. सगळ्या मुलांना एकच माप लागत नाही, हे वर्गात उभं राहणाऱ्याला सांगायला नको.

स्मिथची खरी गोष्ट पुढेच आहे. कॅन्सस सिटीत त्याची घडी बसली, आणि २०१७ मध्ये संघाने पॅट्रिक महोम्स या तरुणाला निवडलं. आपली जागा घ्यायलाच हा आलाय, हे स्मिथला कळत होतं. त्याने काय करावं? त्या वर्षी तो आयुष्यातला सर्वांत चांगला खेळ खेळला, आणि महोम्सला शेजारी बसवून घेतलं. आठवडाभर तयारी कशी करायची, प्रतिस्पर्ध्यांच्या चित्रफिती कशा बघायच्या, बचावाची चाल आधी कशी ओळखायची, ते सगळं त्याच्यासमोर उघडं ठेवलं. पुढच्या वर्षी स्मिथला दुसऱ्या संघाकडे धाडलं आणि महोम्स पन्नास टचडाऊन फेकून लीगमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला. महोम्सने स्मिथचे हे उपकार वारंवार बोलून दाखवलेत. स्मिथच्या करारातही शिकवणं लिहिलेलं नव्हतंच.

आपल्याकडे जमातीच्या नमाजेत इमामाच्या अगदी मागे जाणता माणूस उभा राहावा अशी रीत आहे. इमामाचं वजू तुटलं तर तो मागच्याला हाताने पुढे करतो आणि नमाज चालू राहते. पुढे उभा असलेल्याला आपल्या मागे कोण आहे हे ठाऊक असावं लागतं. जागा अमानत असते, मिळकत नसते. स्मिथ हे जाणून होता.

आता उठण्याबद्दल. शागिर्द तयार करणं आणि वेळेवर उठणं या मला दोन वेगळ्या गोष्टी वाटत नाहीत. ज्याने पहिली केली त्याला दुसरी सोपी जाते. जाणारा नुसता जात नाही, काहीतरी सोपवून जातो.

पण उठायचं कधी? टॉम ब्रेडी १ फेब्रुवारी २०२२ ला निवृत्त झाला आणि चाळीस दिवसांत परतला. बरोबर एका वर्षाने, पंचेचाळिसाव्या वर्षी, कायमचा थांबला. तेवीस हंगाम एकाच पहाटेला उठलेल्या शरीराला दुसरी पहाट कशी सुचणार? मी त्याला हसत नाही. उलट टोकाला अँड्र्यू लक. ऑगस्ट २०१९ मध्ये, अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी तो थांबला. दुखापत, वेदना, उपचार, परत दुखापत, या चक्राने खेळातला आनंदच गेला, असं त्याने सांगितलं. बातमी फुटली तेव्हा तो मैदानाच्या कडेलाच उभा होता, आणि त्याच्याच गावच्या प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. नंतर तो आपल्या जुन्या विद्यापीठात, स्टॅनफर्डला, परत गेला. शिक्षणशास्त्र शिकायला! शाळेतल्या मुलांच्या संघालाही शिकवू लागला.

आपल्या वाचकांना कदाचित आठवत असेल तो हुसैन अब्दुल्ला. क्वार्टरबॅक नव्हे, बचावातला खेळाडू, कॅन्सस सिटीत स्मिथचा सोबती. भावाबरोबर हजला जायचं म्हणून त्याने २०१२ चा सगळा हंगाम सोडला होता. २०१४ मध्ये ब्रेडीचा चेंडू अडवून टचडाऊन केल्यावर त्याने सजदा केला, पंचांनी दंड दिला, आणि दुसऱ्या दिवशी लीगने तो दंड चुकीचा होता असं मान्य केलं. ही बातमी आपल्याकडेही फिरली. त्याची पुढची बातमी मात्र फिरली नाही. मार्च २०१६ मध्ये, तिसाव्या वर्षी त्याने खेळ सोडला. डोक्याला पाच वेळा मार बसून मेंदू हादरला होता. खेळता आलं असतं, पैसेही मिळाले असते. मला त्याच्या सजद्याइतकंच त्याचं हे थांबणं मोठं वाटतं. शरीरही अमानतच.

स्मिथ मात्र लवकर थांबला नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये त्याच्या पायाचं हाड मोडलं, जंतुसंसर्ग झाला, पाय आणि जीव दोन्ही जायची वेळ आली. सतरा शस्त्रक्रिया झाल्या. ऑक्टोबर २०२० मध्ये तो पुन्हा मैदानात उतरला, संघाला सामने जिंकून दिले, आणि एप्रिल २०२१ मध्ये स्वतःच्या पायांवर चालत निवृत्त झाला. थांबायचं त्याने स्वतः ठरवलं. लक लवकर उठला, स्मिथ उशिरा, आणि दोघंही मला बरोबर वाटतात. वयाचा एकच आकडा सर्वांना लागू होत नाही. शरीर काय सांगतंय ते ऐकायचं, आणि आपल्यामागे कुणी उभं आहे का ते बघायचं.

हे सगळं मी इतक्या बारकाईने का वाचलं, ते आता सांगते. माझं वय सत्तेचाळीस. उर्दू माध्यमाच्या शाळेत सोळा वर्षं दहावीचं मराठी माझ्याकडे आहे. शाळेत दहावीच्या वर्गाला काय मान असतो, हे शिक्षकांनाच कळेल. मागच्या हिवाळ्यापासून आवाज बसू लागला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, स्वरतंतूंवर गाठी आहेत, बोलणं कमी करा. मराठी शिकवणारीने बोलणं कमी करायचं! निवृत्तीला अजून अकरा वर्षं आहेत, अठ्ठावन्नाव्या वर्षी सरकार उठवेलच. प्रश्न नोकरीचा नाही, त्या वर्गाचा आहे.

शाळेत एक नव्या शिक्षिका आल्यात, शिक्षणसेवक म्हणून तिसरं वर्ष चालू आहे. मला आपा म्हणतात. त्यांचं मराठी माझ्यापेक्षा सफाईदार आहे, हे मला पहिल्याच महिन्यात ऐकू आलं आणि थोडं टोचलंही. पण उर्दूतून विचार करणारं मूल मराठीत कुठे अडखळतं, हे त्यांना अजून पुरतं ठाऊक नाही. उर्दूत ळ नाही, ण नाही. लिंगं दोनच, त्यामुळे 'ते पुस्तक' म्हणताना किताब डोक्यात असलेलं मूल 'ती पुस्तक' म्हणतं. उजवीकडून लिहिणारा हात डावीकडून लिहिताना दमतो. याची यादी कुठल्या पुस्तकात नाही, ती माझ्या सोळा वर्षांच्या टाचणवह्यांत आहे.

या वर्षी मी वॉल्शसारखं केलं. व्याकरणाचे तास त्यांना दिले, मग निबंधाचे, मग एक पूर्ण घटक चाचणी. मी मागच्या बाकावर बसले. मुलं पहिले दोन दिवस मान वळवून माझ्याकडे बघत होती, तिसऱ्या दिवशी बघायची थांबली. ते चांगलं झालं, आणि त्या रात्री मला झोप नीट लागली नाही, हेही तितकंच खरं.

मुख्याध्यापकांना मी लेखी दिलंय की येत्या जूनपासून दहावीचं मराठी त्यांच्याकडे द्यावं आणि मला पाचवी-सहावी द्यावी. छोट्या वर्गात गोष्टी जास्त, आरडाओरडा कमी लागतो, निदान मी तशी आशा करते. टाचणवह्या आत्ताच त्यांच्या कपाटात ठेवल्यात. "आपा, अडलं तर विचारू ना?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "जरूर विचारा. पण आधी दोनदा स्वतः बघा."