न्हाण्याचा वार

केसांना तेल लावणे सोपे. ते काढणे कठीण. ज्या भगिनींचा शेपटा कमरेखाली रुळतो त्यांना हे निराळे सांगावयास नको. गेल्या महिन्यात माझी नात सुटीसाठी आली आणि तिसऱ्याच दिवशी न्हाणीघरातून रडवेली होऊन बाहेर पडली. रात्री वाटीभर खोबरेल डोक्यावर थापून ती निजली होती. सकाळी दोनदा शांपू झाला, तरी केस ओल्या काथ्यासारखे जडच. “आजी, हे तेल जन्मात निघायचे नाही,” असे म्हणून तिने घरात कात्री कोठे असते याची चौकशी आरंभिली.

मी तिला पाटावर बसविले. तिच्या दोन चुका झाल्या होत्या. पहिली चूक तेलाच्या मापाची. केस तेल पितात खरे, परंतु पितात ते थोडेच. उरलेले नुसते अंगावर वागवितात. एवढ्या लांब केसांना तीन-चार चमचे कोमट तेल पुरते, आणि तेही टाळूपेक्षा टोकांना अधिक. दुसरी चूक म्हणजे तेलकट डोक्यावर तिने आधी भसाभस पाणी ओतले. तेल आणि पाणी यांचे वैर जगजाहीर आहे. चिंब केसांवर शिकेकाई घाला की शांपू, तो तेलापर्यंत पोहोचण्याआधीच पातळ होऊन वाहून जातो. म्हणून शिकेकाईचे पाणी कोरड्या तेलकट केसांतच आधी मुरवावे, बोटांनी मुळापासून टोकापर्यंत न्यावे, आणि मग कोमट पाण्याचा पहिला तांब्या. त्या दिवशी घरात शिकेकाई नव्हती. मी हरभऱ्याचे पीठ पाण्यात सैलसर कालवून तिच्या केसांना चोळले, कारण पीठ तेल शोषून घेते. दोन वेळा धुतल्यावर केस सुटे झाले, कात्रीची गोष्ट मागे पडली, आणि “हे तुला कोणी शिकवले?” असे तिने विचारले.

मला शिकविले आतेआजीने. ती माझ्या वडिलांची आत्या. आमचे घर राजापूर तालुक्यातले. मागील दारी विहीर, तिला लागून न्हाणी, आणि चुलाण्यावर तांब्याचा हंडा. घरात आम्ही सख्ख्या-चुलत मिळून सहा मुली. दर शुक्रवारी सहाही जणींची डोकी आतेआजीच्या हाताखालून जात. गुरुवारी रात्री ती लोखंडी कढईत आठ-दहा शिकेकाईच्या शेंगा, चार-पाच रिठे आणि मूठभर आवळकाठी भिजत घाली. सकाळी तेच उकळून, कुस्करून, जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळून घेई. गाळल्याखेरीज ती कधीही वापरीत नसे. शिकेकाईचा चोथा एकदा लांब केसांत शिरला की दुपारपर्यंत फणीने वेचीत बसावे लागते. पावसाळ्यात केस वाळत नसत तेव्हा निखाऱ्यांवर ऊद टाकून वर टोपली पालथी घाली आणि तिच्यावर आमचे केस पसरून ठेवी.

तेल निघाले की नाही, याची तिची परीक्षा ठरलेली होती. ओल्या केसांची एक बट दोन बोटांच्या चिमटीत धरून ती खाली ओढी. बट करकर वाजली तर तेल निघाले. निमूट सरकली तर आणखी एक हात शिकेकाई. “वाजले का गो?” असे ती प्रत्येकीला विचारी. आम्ही डोळ्यांच्या आगीने मेटाकुटीला येऊन न वाजताच “वाजले, वाजले” म्हणत असू. पण तिचे बोट फसत नसे. (केस इतके करकरीत करू नयेत, थोडा ओशटपणा राहू द्यावा, असे माझे आताचे मत आहे, परंतु त्या वयात मत विचारतो कोण!)

या साऱ्या खटाटोपात अर्थ होता, हे पुष्कळ वर्षांनी वाचनात आले. केस महिन्याला सुमारे अर्धा इंच वाढतो. म्हणजे तीन फुटी शेपट्याचे टोक हे सहा वर्षांचे जुने असते. सहा वर्षांचे ऊन, वारा आणि फणी त्याने सोसलेली असते. असा केस पाण्यात फुगतो, आणि धुताना व विंचरताना त्यातील प्रथिन झिजते. रेळे आणि मोहिले या संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली. केसाच्या आत शिरून ही झीज कमी करण्याचा गुण त्यांना खोबरेलातच आढळला. तेव्हा धुण्याआधी तेल लावणे हा काही बायकांचा वेडगळपणा नव्हे. शिकेकाई-रिठ्याच्या फेसाचेही तसेच. साबणाचे जड पाण्याशी जमत नाही. पाण्यातील चुन्याशी त्याची गाठ पडली की पांढरा चिकट साका होतो. शिकेकाईचा फेस असा फाटत नाही. हे शास्त्र मला पुस्तकाआधी अनुभवाने कळले, आणि ते माझ्या केसांना फार महाग पडले.

शांपू या शब्दाची कथाही मौजेची आहे. तो मुळात आपल्याकडचाच. ‘चांपो’, म्हणजे चेपा, दाबा, यावरून निघालेला. पाटण्याकडच्या दीन महंमद नावाच्या गृहस्थाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात ब्रायटन येथे स्नानगृह काढून साहेबलोकांची अंगे चेपून दिली, आणि हा शब्द तेथे रूढ केला. तेव्हा त्याचा बाटलीशी संबंध नव्हता; संबंध होता तो हातांशी.

आतेआजीचे हात आठवतात तसेच तिचे डोकेही आठवते. ती लाल आलवण नेसे, आणि पदराखाली डोके तुळतुळीत असे. लग्नानंतर दोनच वर्षांनी, बाराव्या वर्षी, १९०० च्या सुमारास तिचे कपाळ पांढरे झाले, आणि त्याच वर्षी तिचे केस गेले. मी आठ-नऊ वर्षांची असताना एका शुक्रवारी सहजच विचारले, “आतेआजी, तू कधी न्हातेस?” आईने मला असा चिमटा काढला की त्याचा वळ दोन दिवस राहिला. आतेआजी मात्र हंड्यातले पाणी ढवळीत म्हणाली, “मी रोजच न्हाते गो. माझे काय, दोन तांबे.” दिवाळीच्या अभ्यंगाला आम्हांस तेल लावण्याचा मान आईचा आणि काकूचा, त्या पहाटे आतेआजी मागे चुलाण्यापाशी लाकडे सारीत बसे, पुढे येत नसे. इतर एकावन्न शुक्रवार तिचे होते.

१८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांची सभा भरली होती, आणि विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही असे तेथे ठरले होते. सुशिक्षितांची मंडळे शास्त्रार्थ करीत असता वस्तरा ज्यांच्या हाती होता त्यांनी तो खाली ठेवला, हे मला फार मोठे वाटते. पण मुंबईचा ठराव आमच्या गावापर्यंत पोहोचला नाही. आमच्याकडे महिन्यातून एकदा न्हावी मागील दारी येई, आणि तेवढा वेळ आम्हां मुलींना पुढल्या ओटीवर पिटाळीत. महिन्याला अर्धा इंच, अशी पासष्ट वर्षे. एकदा मी हा हिशेब मांडून पाहिला. एका नऊवारी लुगड्याहून लांब भरतो. केस इतके वाढत नाहीत हे मला ठाऊक आहे, तरी मांडला.

१९६३ साली मी शिक्षणासाठी पुण्यास वसतिगृहात राहिले. तेथे शुक्रवार नव्हता आणि आतेआजी नव्हती. थंडीत बाटलीतले खोबरेल गोठून जाई. ते उन्हात ठेवून पातळ करावे, भरपूर लावावे आणि अंगाच्या साबणाने धुऊन टाकावे, असा आमचा क्रम. आमच्या जांभ्या दगडातल्या विहिरीचे पाणी हलके. वसतिगृहाच्या विहिरीचे जड. दोन महिन्यांत तेल, साबण आणि पाणी यांचा असा मेणचट लेप बसला की मानेमागे मुठीएवढी गाठ झाली. सुटता सुटेना, तेव्हा खोलीतल्या मैत्रिणीने कात्री घेतली. दिवाळीला मी घरी गेले ती खांद्यापर्यंतचे केस घेऊन. आईने डोक्याला हात लावला, काकू रडली. आतेआजीने मला जवळ बसवून केसांतून बोटे फिरविली, कापलेली कड चाचपली, आणि एवढेच म्हणाली, “केस वाढतात गो. वाढू दिले की वाढतात.”

पुढे दोन वर्षांनी आमच्या गावचा तो म्हातारा न्हावी वारला. त्याचा मुलगा मुंबईस गिरणीत होता. तालुक्याहून दुसरा बोलवावा काय, असे वडिलांनी विचारले, तेव्हा आतेआजी म्हणाली, “राहू दे. आता कोण बघतो?” त्यावर घरात कोणी बोलले नाही. वडीलही नाही.

१९६६ च्या उन्हाळ्यात मी घरी आले तेव्हा तिच्या डोक्यावर चार बोटे केस होते. पांढरे शुभ्र, जावळासारखे मऊ. मी गुरुवारी रात्री कढई काढली. किती भिजवावे ते कळेना. दोन शेंगा आणि एक रिठा घातला. शुक्रवारी तिला हाताला धरून न्हाणीत नेले आणि पाटावर बसविले. ती “हे काय थेर” असे पुटपुटली, परंतु उठली नाही. तळहातावर चार थेंब खोबरेल घेऊन मी तिच्या टाळूवर जिरविले, मग शिकेकाई घातली. डोळ्यांत जाऊ नये म्हणून तिने आम्हांला शिकविल्याप्रमाणे दोन्ही हात कपाळाशी आडवे धरले. एक तांब्या ओतला, दुसरा ओतला. थोडा वेळ ती तशीच बसून राहिली. मग मान न वळविता तिने विचारले, “वाजले का गो?”

केस इतके आखूड होते की चिमटीत नीट येत नव्हते. मी कानामागची एक बट कशीबशी दोन बोटांत धरली आणि ओढली. वाजली.