बर्फ पडो, वेळेवर पडो

डिसेंबर अर्धा उलटला की श्रीनगरच्या हवामान केंद्राचं अनुमान मी रोज वाचू लागतो. भाषा सरकारी, शब्द ठरलेले. आकाश ढगाळ, उंच भागांत मध्यम ते जोरदार हिमवृष्टी, खोऱ्यात हलका बर्फ, त्यानंतर रात्रीच्या तापमानात घट, घाटातले रस्ते बंद पडण्याची शक्यता. मोजून चार ओळी. पण त्यांत अख्ख्या खोऱ्याचं पुढचं वर्ष असतं. चैत्रात झेलमला पाणी किती, भाताची रोपं लावताना पाट वाहता की कोरडा, सफरचंदाला मोहर कसा, हे सगळं त्या चार ओळींत लिहिलेलं असतं.

हवामान खातं नव्हतं तेव्हाही काश्मीरकडे हिवाळ्याचं पंचांग होतं. २१ डिसेंबरला चिल्लई कलां लागतं. चाळीस दिवसांची ही कडक थंडी, वर्षातली सगळ्यात मोठी आणि करारी. ती सरली की वीस दिवसांचं चिल्लई खुर्द आणि शेवटी दहा दिवसांचं चिल्लई बच्चा. आपला शेतकरी मृगाकडे जसा डोळे लावून बसतो, तसा तिथला बागाईतदार या चाळिशीकडे. मृग कोरडा गेला तर आपल्याकडे घरातलं बोलणं कमी होतं. चिल्लई कलां कोरडं गेलं तर तिथेही तेच होतं.

ही थंडी दारात येते तेव्हा घर तयार असतं. उन्हाळ्यातच दुधीच्या, वांग्याच्या, टोमॅटोच्या फोडी दोऱ्यात ओवून वाळवलेल्या असतात. चिनारची पानं झाडून, जाळून त्यांचा कोळसा पोत्यांत भरलेला असतो. बारीक काड्यांची वीण आणि आत मातीचं भांडं अशी कांगडी फेरन या पायघोळ अंगरख्याच्या आत जाते आणि माणूस आपली शेकोटी छातीशी धरून गल्लीतून चालू लागतो. जुन्या श्रीनगरात रात्रभर मंद आचेवर मटण आणि तांदूळ घोटून केलेला हरीसा पहाटे विकला जातो; उजाडायच्या आत गिऱ्हाईक दुकानात दाटीनं बसलेलं असतं. पहिला बर्फ पडला की लोक एकमेकांना मुबारक म्हणतात. संकटाचं कोणी अभिनंदन करत नाही. पाण्याचं करतात.

हे पाणी येतं फार लांबून. भूमध्य समुद्राकडे जन्मलेली वादळी हवा पश्चिमेच्या उंच वाऱ्यांवर स्वार होते, वाटेत कॅस्पियन समुद्राची ओल घेते, इराण-अफगाणिस्तान ओलांडते आणि हिमालयाला येऊन धडकते. हवामानशास्त्रज्ञ तिला पश्चिमी विक्षोभ म्हणतात. डोंगर तिला वर ढकलतो, वरच्या गारठ्यात ती गोठते आणि गुलमर्गच्या देवदारांवर उतरते. काश्मीरच्या ओढ्यात बोट बुडवावं, तर त्यात कुठल्या कुठल्या समुद्राचं पाणी असेल!

बर्फ पडत असतो त्या रात्री थंडी तशी सोसवते. ढग जमिनीची ऊब वर जाऊ देत नाहीत. खरी कसोटी नंतरची. विक्षोभ पुढे सरकतो, आभाळ लख्ख होतं, चांदणं पांढऱ्या जमिनीवर पसरतं आणि होती नव्हती ती ऊब आकाशात निघून जाते. २०२४ साली चिल्लई कलां लागलं त्याच पहाटे श्रीनगरात पारा उणे ८.५ अंशांवर होता. १९७४ नंतरची ती डिसेंबरातली सर्वांत थंड रात्र. अशा सकाळी नळ गोठतात, लोक नळाखाली कागद पेटवून पाण्याची वाट पाहतात. दल सरोवराच्या कडा काचेसारख्या कडक होतात आणि शिकारेवाले वल्ह्यानं बर्फ फोडत नाव पुढे काढतात.

या साऱ्याला सौंदर्य म्हणून मोकळं होता येत नाही. फेब्रुवारी २००५ मध्ये दक्षिण काश्मीरमधल्या वाल्टेंगू नाड या वस्तीवर हिमकडा कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. नोव्हेंबर २०१९ मध्ये झाडांवर पानं असतानाच जड बर्फ आला. पानांनी तो धरून ठेवला आणि भाराखाली सफरचंदाच्या फांद्या मधोमध चिरल्या. फळबाग वाढवायला वर्षं जातात, मोडायला एक रात्र पुरते. म्हणून त्या चार ओळी वेळेवर आणि अचूक मिळणं हा तिथे जगण्या-मरण्याचा प्रश्न आहे.

तरीही मला विचाराल तर सगळ्यात भीतिदायक अनुमान हिमवृष्टीचं नाहीच. ते दोन शब्दांचं आहे: हवामान कोरडं. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार ऐन चिल्लई कलांत तपकिरी पडले होते; बर्फ आला तो महिना सरता सरता. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, अनंतनाग जिल्ह्यात मुघल बागेतून वाहणारा अचबलचा झरा आटला. चाळिशीतला बर्फ थंडीनं घट्ट होतो, थरावर थर बसतो आणि उन्हाळाभर थेंब थेंब खाली सोडतो. फेब्रुवारीअखेरचा बर्फ कितीही पडला तरी उन्हाला टिकत नाही. आला तसा वाहून जातो. सफरचंदाच्या कळीलाही मोहरण्याआधी थंडीचे शेकडो तास हवे असतात. थंडी आली आणि बर्फ नाही आला, तर माणसं गारठून निघतात आणि झरे मात्र रितेच राहतात.

आणि ही बातमी फक्त काश्मीरची नाही. विक्षोभ सरला की त्याच्या पाठीमागून उत्तरेचे वारे पंजाब, राजस्थान, मध्य प्रदेश ओलांडून खानदेशात आणि नाशिककडे उतरतात. निफाडचा द्राक्षबागाईतदार त्या पहाटे मणी तडकू नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवतो, रात्रभर ठिबक चालू ठेवतो. गहू आणि हरभरा मात्र त्याच गारव्यानं भरतात. आपलं नातं याहूनही जुनं आहे. १८७६-७८ च्या दुष्काळात दख्खन होरपळली, तेव्हा पावसाचं भाकीत करता येईल का याचा शोध भारतीय हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी घेतला. हिमालयात बर्फ जास्त साचला तर पुढचा मॉन्सून अशक्त होतो, असं त्यांनी १८८४ मध्ये मांडलं आणि त्याच आधारावर भारतातली पावसाची पहिली दीर्घकालीन अनुमानं निघाली. पुढे ते नातं इतकं सरळ नसल्याचं दिसलं. पण आपल्या शिवारातल्या पावसाचा विचार सुरू झाला तो हिमालयाच्या बर्फाकडे बघून, हे खरं. १९२८ मध्ये खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आलं. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजूनही सिमला ऑफिस म्हणतात.

म्हणून हिवाळ्यात काश्मीरला निघालेल्या मराठी प्रवाशाला एकच सांगणं आहे. विमान रद्द झालं, बनिहालला रस्ता बंद पडला, दोन दिवस खोलीत बसावं लागलं, तर तक्रार करू नका. हाती एखादा दिवस जास्तीचा ठेवूनच निघा. आपली सहल चार दिवसांची असते; त्या बर्फावर तिथल्या लोकांना वर्ष काढायचं असतं. ज्यांच्या घरी आपण पाहुणे म्हणून जातो, त्यांच्या पाण्यासाठी एवढं थांबणं आपल्याला जमायलाच हवं.