चेहरा एकाचा, गळा दुसऱ्याचा

दोस्तहो, एक कोडं घालू? असं कोणतं बक्षीस आहे, जे दोघांना मिळालं, नऊ महिन्यांत परत घेतलं गेलं, आणि ज्यांच्या गळ्याची ती कमाई होती त्यांना मात्र कधीच मिळालं नाही?

डोकं खाजवू नका, मीच सांगतो. ते आहे १९९० सालचं ग्रॅमी पारितोषिक. ग्रॅमी म्हणजे अमेरिकेतल्या संगीताच्या दुनियेतला सगळ्यात मोठा मान. पंडित रविशंकर, उस्ताद झाकीर हुसेन यांना ग्रॅमी मिळाल्याचं तुम्ही वाचलं असेलच. त्या वर्षी 'सर्वोत्कृष्ट नवे कलाकार' म्हणून 'मिली व्हॅनिली' या जोडीची निवड झाली. जोडीतला एक रॉब पिलाटस, जर्मनीत म्युनिकला वाढलेला. दुसरा फॅब मॉर्व्हन, पॅरिसचा. दोघंही विशीतले, उंच, देखणे, डोक्यावर लांबच लांब बारीक वेण्या, खांद्याशी फुगलेले कोट आणि पायात जणू स्प्रिंगा! नाचायला लागले की नजर हटत नसे. १९८९ या एका वर्षात त्यांची तीन गाणी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचली. त्यांच्या अल्बमच्या साठ लाखांवर प्रती एकट्या अमेरिकेत खपल्या.

आणि गंमत अशी, की त्या अल्बममध्ये या दोघांनी एक ओळसुद्धा गायलेली नव्हती.

तुम्ही म्हणाल, असं कसं होईल? ज्याच्या डोक्यातून हे सगळं निघालं त्याचं नाव फ्रँक फारियान. हा जर्मन निर्माता. निर्माता म्हणजे गाणं निवडणारा, गायक-वादक गोळा करणारा, ध्वनिमुद्रण करून घेणारा आणि ते विकायचं कसं हेही ठरवणारा माणूस. त्याच्याकडे आवाज होते. ब्रॅड हॉवेल, जॉन डेव्हिस, चार्ल्स शॉ अशी त्या गायकांची नावं. त्यातले डेव्हिस आणि शॉ अमेरिकन सैन्याच्या नोकरीमुळे जर्मनीत आलेले. गळे उत्तम, पण फारियानला वाटलं, यांचे फोटो लावून पोरापोरींच्या खोल्यांच्या भिंती सजणार नाहीत. मग त्यानं सुंदर चेहरे शोधले. रॉब आणि फॅब नाचत होते, धडपडत होते, खिसे रिकामे होते. त्यांना गायक व्हायचं होतं. फारियाननं करार पुढे केला, वर थोडी उचलही दिली. त्या दोघांनी नंतर सांगितलं ते असं: पैसे कपड्यांवर आणि केसांवर खर्च झाले आणि मग कळलं, की गायचं नाही, फक्त ओठ हलवायचे. नाही म्हणावं तर उचल परत करा! ती कुठून करणार?

एकदा ओठ हलवले. गाणं गाजलं. मग दुसऱ्यांदा हलवले. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल.

आता थोडं माझ्याबद्दल. आमच्या लहानपणी शाळेच्या गॅदरिंगला 'रेकॉर्ड डान्स' नावाचा प्रकार असायचा. मागे टेपरेकॉर्डरवर गाणं लागायचं आणि पुढे आम्ही हातवारे करत नाचायचो. (टेपरेकॉर्डर म्हणजे काय, हे आई-बाबांना विचारा. कॅसेटची फीत गुंतली की पेन्सिल घालून ती कशी गुंडाळायची, हेही विचारा. अर्धा तास सहज जाईल!) एका वर्षी ऐन नाचात फीत अडकली. गाणं 'घूंऽऽ' करत रडायला लागलं, आम्ही खांबासारखे उभे आणि समोरचे पालक हसून हसून बेजार. पण आम्हाला कुणी लबाड म्हटलं नाही. कशाला म्हणतील? गाणं आमचं नाही, हे पहिल्या रांगेतल्या बालवाडीच्या पोरालाही ठाऊक होतं.

मिली व्हॅनिलीचीही फीत अशीच अडकली! १९८९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात, ब्रिस्टल गावी त्यांचा कार्यक्रम चालला होता. समोर हजारो लोक. आणि अचानक गाण्यातली अर्धी ओळच पुन्हा पुन्हा वाजायला लागली. तेच शब्द, परत तेच शब्द. रॉबनं दोन-चार क्षण ओठ जुळवून पाहिले आणि मग तो चक्क रंगमंचावरून पळाला. प्रेक्षकांचं काय? ते आपले नाचतच राहिले! मुलाखतीत हे दोघं अडखळत, परदेशी वळणाचं इंग्रजी बोलत आणि गाण्यात मात्र अस्सल अमेरिकन उच्चार. तेही कुणाला फारसं खटकलं नाही. चार्ल्स शॉनं तर एका वार्ताहराला सरळ सांगून टाकलं, की यातला आवाज माझा आहे. नंतर त्यानं ते विधान मागे घेतलं. एवढं सगळं घडल्यावर, फेब्रुवारी १९९० मध्ये, ग्रॅमी मिळालं!

मला विचाराल तर रॉब आणि फॅब यांची खरी चूक त्या संध्याकाळची. उचल घेतली, अडकले, इथपर्यंत मी त्यांची बाजू घ्यायला तयार आहे. पण हजारो लोकांसमोर ती मूर्ती हातात घेताना त्यांना पक्कं माहीत होतं, की आपण दुसऱ्याचं घेतोय. यश डोक्यातही गेलं होतं. रॉबनं स्वतःची तुलना बॉब डिलन आणि पॉल मॅकार्टनी यांच्याशी केल्याचं 'टाइम' साप्ताहिकात छापून आलं होतं. न गायलेल्या गाण्यांवर एवढा तोरा!

पुढच्या अल्बमला मात्र आम्हीच गाणार, असा हट्ट दोघांनी धरला. फारियान ऐकेना. शेवटी नोव्हेंबर १९९० मध्ये त्यानंच जगाला सांगून टाकलं, की हे दोघं गायलेलेच नाहीत. झालं! वर्तमानपत्रं तुटून पडली. चारच दिवसांत ग्रॅमी काढून घेतलं गेलं. असं पूर्वी कधी घडलं नव्हतं. रॉब आणि फॅबनी लॉस एंजेलिसला पत्रकार परिषद घेतली. पत्रकारांसमोर गाऊनही दाखवलं, पण आता ऐकतो कोण? फसवणूक झाली म्हणून अमेरिकेत खटले भरले गेले. गाणी विकत घेणाऱ्यांना थोडे पैसे परत द्यायचं ठरलं.

इथं जरा थांबू या. ज्यांनी अल्बम घेतला, त्यांना ती गाणी आवडली होती ना? आवाज आवडला होता ना? मग बातमी फुटल्यावर त्या गाण्यांतला एक सूर तरी बदलला का? नाही. तरी लोक चिडले आणि मला वाटतं, बरोबर चिडले. अमेरिकेत निघालेल्या अल्बमवर गायक म्हणून रॉब आणि फॅब यांचीच नावं छापलेली होती. ओठ हलवणं ही कला आहे, पण ते नाव छापणं हे खोटं होतं.

हा फरक आपल्याला चटकन कळायला हवा, कारण आपण ओठ हलवणाऱ्यांच्याच देशात राहतो! पडद्यावर नायिका झाडाभोवती फिरते आणि गातात लताबाई किंवा आशाबाई. कुणाला फसवल्यासारखं वाटत नाही. पण तेही आपोआप झालेलं नाही, बरं का. १९४९ साली 'महल' चित्रपट आला. मधुबालावर चित्रित झालेलं त्यातलं लता मंगेशकरांचं गाणं देशभर गाजलं. पण रेकॉर्डवर गायिका म्हणून नाव छापलेलं होतं 'कामिनी'. कामिनी हे मधुबालाच्या भूमिकेचं नाव! गायिका कोण, अशी रेडिओकडे विचारणा व्हायला लागली, तेव्हा रेकॉर्ड कंपनीकडून माहिती घेऊन लताबाईंचं नाव सांगितलं गेलं. तेव्हा त्या जेमतेम वीस वर्षांच्या. पुढे गायकांचं नाव आणि मान यांसाठी त्या हट्टानं भांडत राहिल्या. फिल्मफेअरमध्ये पार्श्वगायनाला वेगळं पारितोषिक १९५९ सालापासून मिळू लागलं आणि पहिलं गेलं लताबाईंनाच. आज आपण कुणाच्या गळ्याला दाद द्यायची हे जाणतो, त्यामागे ही भांडणं आहेत.

तशीच एक भांडखोर बाई अमेरिकेत होती. (भांडखोर हा शब्द मी इथं कौतुकानं वापरतोय!) मार्था वॉश तिचं नाव. आवाज असा, की भिंती हलाव्यात. १९९० च्याच सुमाराला 'सी अँड सी म्युझिक फॅक्टरी' या गटाचं एक नाचगाणं जगभर गाजलं. त्यातला तो दणदणीत स्त्री-आवाज मार्थाचा. पण व्हिडिओत ओठ हलवत होती दुसरीच, सडपातळ मुलगी. 'ब्लॅक बॉक्स' या इटालियन गटानंही तिच्या आवाजाबाबत हेच केलं. कारण? मार्था अंगानं स्थूल होती. गळा हवा, पण बाई नको! मार्था रडत बसली नाही, तिनं कोर्टाची पायरी चढली. तिच्यामुळे व्हिडिओवर आणि रेकॉर्डवर खरा गायक कोण हे लिहिण्याकडे कंपन्यांना लक्ष द्यावं लागलं.

मुलींनो आणि मुलांनो, आरशासमोर उभं राहून 'मी बरी दिसत नाही, मी कशाला स्टेजवर जाऊ' असं तुमच्यापैकी कितीजण म्हणतात, ते मला माहीत आहे. फारियानही दुसऱ्यांबद्दल तेच म्हणत होता, फक्त त्यातून त्याला पैसे मिळत होते.

त्याची ही पहिली वेळही नव्हती. 'बोनी एम' हे नाव घरी मोठ्यांना विचारा, त्यांचे डोळे चमकतील. १९७० नंतरच्या काळात त्यांची गाणी आपल्याकडेही लग्नाच्या वरातीपासून गणपतीच्या मांडवापर्यंत ऐकू येत. त्यात बेभान नाचणारा बॉबी फॅरल होता ना, त्याचा तो घोगरा, खोल आवाज त्याचा नव्हताच. तो होता खुद्द फारियानचा! ते उघड झालं तेव्हा कुणी फारसा गोंधळ घातला नाही. मग फारियाननं तीच युक्ती पुन्हा वापरली, तर नवल काय?

आणि मिली व्हॅनिलीचं बिंग फुटल्यावर शिक्षा कुणाला झाली, तेही बघा. फारियाननं खऱ्या गायकांना घेऊन १९९१ मध्ये नवा अल्बम काढला, पुढेही यशस्वी निर्माता म्हणून काम केलं आणि २०२४ साली ८२ व्या वर्षी तो वारला. रेकॉर्ड कंपनीनं 'आम्हाला काही माहीतच नव्हतं' म्हणत हात झटकले. हसू झालं ते फक्त दोन चेहऱ्यांचं, कारण लोकांना ओळखीचे तेच होते. रॉब आणि फॅबनी १९९३ मध्ये स्वतःच्या आवाजात अल्बम काढला. जेमतेम दोन हजार प्रती खपल्या. कुठे साठ लाख आणि कुठे दोन हजार! रॉबला ते सोसलं नाही. तो व्यसनांत बुडत गेला आणि एप्रिल १९९८ मध्ये, वयाच्या ३३ व्या वर्षी, जर्मनीतल्या एका हॉटेलात दारू आणि औषधांच्या अतिरेकानं त्याचा मृत्यू झाला. ज्यांनी त्याच्यावर विनोद केले होते, त्यांनीही मग हळहळ व्यक्त केली.

आज तुम्ही मोबाईलवर रील करता, लताबाईंच्या किंवा कुणाच्याही गाण्यावर ओठ हलवता. खुशाल हलवा! मजा येते, मीही पाहतो. बेसूर गळ्याला सुरात आणणारी यंत्रं आली आहेत, आणि आता तर न गाणाऱ्याचा आवाज संगणक तयार करतो. म्हणून गाणं आवडलं की मी आपला खाली बारीक अक्षरांत कुणाकुणाची नावं आहेत ते वाचतो. घरचे हसतात. हसू देत.

फॅब मॉर्व्हनचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलंच. त्यानं गाणं सोडलं नाही. लहान-मोठ्या कार्यक्रमांत तो स्वतःच्या आवाजात गात राहिला. आणखी एक सांगतो. पुढे तो आणि जॉन डेव्हिस, म्हणजे ज्याच्या गळ्यावर त्यानं ओठ हलवले तोच जॉन डेव्हिस, एकत्र कार्यक्रम करू लागले. चेहरा आणि आवाज शेजारी शेजारी उभे! २०२१ मध्ये जॉन डेव्हिस कोरोनानं गेला. फॅबनं मग आपली सगळी कहाणी पुस्तकात लिहिली आणि ते पुस्तक ऐकण्यासाठी स्वतःच वाचून ध्वनिमुद्रित केलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये ग्रॅमीची नामांकनं जाहीर झाली, तर वाचनाच्या विभागात फॅबचं नाव! पारितोषिक त्याला मिळालं नाही, ते दलाई लामांना गेलं. पण या खेपेला आवाज त्याचाच होता.