संस्कृत की जर्मन?

मुलं आठवीत जायची वेळ आली की पुण्यातल्या घराघरांत एकच खल सुरू होतो: संस्कृत की जर्मन? निकाल बहुधा ‘स्कोअरिंग काय’ यावर लागतो. याचा मला मनापासून राग येतो.

माझ्या भाचीनं जर्मन घेतलं. तिथली तीन लिंगं पाहून तिची हिंदीभाषक मैत्रीण गांगरली. हिला त्यात काहीच नवल वाटलं नाही, नपुंसकलिंग तर घरचंच. पण एके दिवशी तिनं मला गाठलं. ‘मामा, आपल्याकडे खुर्ची ‘ती’ आणि टेबल ‘ते’, हे ठरवलं कुणी?’ मी निरुत्तर. इतकी वर्षं मराठी बोलूनही हा प्रश्न तिला पडला नव्हता, आणि खरं तर मलाही! शेजारचा मुलगा जपानी शिकतो. क्रियापद वाक्याच्या शेवटी, नामामागे आपल्या विभक्तीसारखे प्रत्यय. त्यामुळे जपानी वाक्य इंग्रजीपेक्षा मराठीतून लवकर उलगडतं, असं त्याचं म्हणणं. मला ते पटतं.

परक्या भाषेनं मुलं हुशार होतात वगैरे जाहिरातींवर माझा फारसा भरवसा नाही. मात्र लहान वयात जीभ वळते, आणि चुकीचं बोलायची लाज कमी असते. हे भांडवल मोठेपणी सहसा हाती राहत नाही. दहावीचा निकाल लागला, की कित्येक घरांत ही पुस्तकं रद्दीत जातात. आईबापांनो, निदान तेवढं तरी होऊ देऊ नका.